कर्णबधिर मूल आणि बडबडगीत

“ऐकूच येत नाही, मग गाणे कशाला?” असा प्रश्न घरातलेच विचारतात. परंतु बडबडगीतात ताल असतो, आणि ताल अंगालाही कळतो. भाषेची पहिली वर्षे मात्र पुन्हा येत नाहीत.

मुलाला समोर मांडीवर घ्यावे, श्रवणयंत्र लावावे, रेडिओ बंद करावा. उजेड आपल्या तोंडावर असावा. ‘प, ब, म’ ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून मुलाचा हात आपल्या नाकाला व गळ्याला लावावा. ‘म’ म्हणताना नाक कंप पावते, ‘ब’ म्हणताना गळा. ‘प’ला दोन्ही स्तब्ध. ओरडू नये, ओठ ताणू नयेत. तेच गीत रोज त्याच हावभावांनी म्हणावे. शेवटच्या शब्दाआधी थांबून वाट पाहावी. मुलाने नुसती टाळी दिली, तरी ते त्याचे उत्तरच होय.