विहारासमोरील मोगरा

आपल्या विद्यालयाच्या विहारासमोरील मोगरा पुरुषभर वाढला, पण पुष्पपूजेच्या तबकात त्याची मोजकीच फुले येऊ लागली. तो छाटावा असे आम्ही म्हणताच मुलांनी विचारले, की पहिले शील घेणाऱ्यांनी हिरवी फांदी कापावी काय?

प्रश्न रास्त होता. विनयपिटकात वनस्पती तोडणे हा भिक्खूंसाठी पाचित्तिय दोष आहे. पावसाळ्यात भटकणारे श्रमण कोवळे गवत तुडवितात, या लोकांच्या तक्रारीवरूनच वर्षावासाचा नियम झाला. परंतु हे बंधन भिक्खूंचे. उपासकांच्या पंचशीलात ते येत नाही. येते तर सारोळ्यात नीरेकाठी ऊस कोणी तोडला असता?

मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि त्याच्या प्रभावाने पानांच्या बगलेतील डोळे निद्रिस्त राहतात. शेंडा कापला की ते फुटतात. शिवाय दाट झुडपाच्या पोटात ऊन पोहोचत नाही, तेथे फूल कसे धरावे?

नोव्हेंबरअखेर पाणी कमी करीत न्यावे. मार्गशीर्ष-पौषात प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. उरलेल्या जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, पानांच्या जोडीच्या किंचित वर कापाव्यात. कात्री धारदारच हवी; बोथट कोयत्याने फांदी चिरते व रोग शिरतो. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावावी. 1 लिटर पाण्यास मोरचूद व चुना प्रत्येकी 100 ग्रॅम पुरतात. नंतर माती हलवून कुजलेले शेणखत घालावे आणि पाणी सुरू करावे. मार्चच्या सुमारास कळ्या दिसू लागतात, वैशाख पौर्णिमेस तबक भरते.

सर्वच झुडपांना हा एक काळ लागू नाही. गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर, वर्षावास संपतो त्या सुमारास करावी. पारिजातकाची बहर सरल्यावर. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने ती मुलांच्या हाती देऊ नये.

पहिली फांदी पडली तेव्हा धाकट्या वर्गातील काहींनी तोंडे फिरविली. आम्ही त्यांना रागावलो नाही. ती हळहळ आम्हांला आवडलीच. कापाखालचे डोळे रोज मोजण्याचे काम त्यांच्याकडेच दिले.

पावसाळ्याच्या तोंडी हलकी छाटणी करून वीतभर फांद्या पिशव्यांत लावणार आहोत. आश्विन पौर्णिमेस येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी एकेक रोप घरी न्यावे.