दोन दिवस गोदाकाठी

सुट्टी लागली की मन प्रथम प्रवासाकडे धाव घेते. परंतु प्रवास आणि विश्रांती या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदतात असे नाही. सहलीहून परतलेली मंडळी पुष्कळदा म्हणतात, "आता एक दिवस घरी स्वस्थ पडून राहिले पाहिजे." विसाव्यासाठी गेलेल्या माणसांना परत आल्यावर विसावा घ्यावा लागतो, हे नवलच होय! असे का घडते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार आपण या पाठात करू.

परभणी शहरात राहणारे एक कुटुंब आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. घरात आई, वडील, सातवीत शिकणारी मुलगी, पाचवीतला तिचा धाकटा भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली आजी, अशी पाच माणसे आहेत. पौष महिन्यातला एक शनिवार व रविवार सर्वांना मोकळा मिळाला. जिल्ह्यातीलच एखाद्या लहान गावी जावे, एक रात्र मुक्काम करावा आणि ताजेतवाने होऊन परतावे असे ठरले.

मुलांनी मोठ्या उत्साहाने कागद-पेन्सिल घेतली. जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण, चारठाण्याची प्राचीन मंदिरे, वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, पाथरी आणि शेवटी गंगाखेड, अशी लांबलचक यादी तयार झाली. धाकट्याने एका जुन्या पुस्तकात पाहून औंढा नागनाथाचेही नाव लिहिले. तेव्हा वडील म्हणाले, "हे पुस्तक छापले तेव्हा औंढा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा निराळा जिल्हा झाला आणि औंढा त्यात गेले. जुनी माहिती नेहमी पडताळून पाहावी."

मग वडिलांनी जिल्ह्याचा नकाशा पसरला. परभणीहून जिंतूर उत्तरेला, पाथरी पश्चिमेला आणि गंगाखेड दक्षिणेला. प्रत्येक ठिकाण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर. परंतु एकमेकांकडे पाठ केलेले! मुलीने हिशेब केला. एकेका ठिकाणी जाऊन परत यावयाचे म्हटले तरी अडीचशे किलोमीटर होत होते. ताशी चाळीस किलोमीटरांचा वेग धरला, तर सहा तासांहून अधिक काळ केवळ वाहनात जाणार होता. शिवाय येलदरी, चारठाणा आणि वालूर यांसाठी आणखी वाट वाकडी करावी लागणार होती. दोन दिवसांत पाहावयाचे पुष्कळ, पण बसावयास वेळ कोठेच नाही!

"आपण कशासाठी निघालो आहोत?" आईने विचारले. हा प्रश्न साधा असला, तरी सहलीच्या नियोजनात तोच पहिला प्रश्न असला पाहिजे. ज्ञान मिळविण्यासाठी निघालेल्या सहलीत अनेक स्थळे पाहणे योग्य ठरेल. विसाव्याच्या सहलीत मात्र एकच स्थळ निवडावे आणि ते सावकाश पाहावे. दुसरा प्रश्न आहे सोबत्यांचा. आपल्यात जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या पावलांनी सहलीची मोजणी करावी. आजीचे गुडघे दुखत होते. नेमगिरीची टेकडी तिला कशी झेपणार? म्हणून निवड आजीवर सोपविण्यात आली. ती म्हणाली, "मला जनाबाईंच्या गावी न्या. नदीकाठी घटकाभर बसेन म्हणते."

अशा रीतीने गंगाखेड ठरले. हे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसले आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. मराठवाड्यातील लोक तिला प्रेमाने 'गंगा' म्हणतात. गंगेच्या काठचे खेडे ते गंगाखेड. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्थानक आहे. गाडी गोदावरीचा पूल ओलांडू लागली की उतरण्याची तयारी करावी.

संत जनाबाई याच गावच्या. दामा आणि करुंड ही त्यांच्या आईवडिलांची नावे परंपरेने सांगितली जातात. लहान वयातच त्या पंढरपुरास संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि तेथेच त्यांचे आयुष्य गेले. दळणे, कांडणे, सडासारवण करणे, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे ही त्यांची नित्याची कामे होती. ती करता करताच त्यांनी अभंग रचले. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत. गंगाखेड येथे गोदाकाठी त्यांचे मंदिर आहे.

आता वेळापत्रक आखावयाचे होते. शनिवारी दुपारी निघावे. संध्याकाळी घाटावर बसावे. रविवारी सकाळी जनाबाईंचे दर्शन घ्यावे, बाजारातून फेरफटका मारावा आणि दिवेलागणीच्या आत घरी यावे, इतकेच ठरले. धाकट्याला कागदावर पुष्कळ कोरी जागा दिसली. "गंगाखेड तालुक्यातच धारासूरला गुप्तेश्वराचे शिल्पांनी नटलेले प्राचीन मंदिर आहे. तेही लिहू का?" त्याने विचारले. वडील म्हणाले, "ते पाहण्यासारखे आहे, म्हणूनच घाईने पाहावयाचे नाही. त्यासाठी पुन्हा येऊ. ही कोरी जागा कोरीच राहू दे. तीच आपली विश्रांती." पौषात शेतातील ज्वारी हुरड्यास येते. वाटेत कोणी ओळखीच्या शेतकऱ्याने हुरडा खाण्यास बोलाविले, तर थांबावयास सवड हवीच!

काही गोष्टी मात्र आधीच पक्क्या करणे आवश्यक असते. गाडीची वेळ स्थानकावर विचारून घ्यावी. मुक्कामाची जागा अगोदर राखून ठेवावी. खर्चाचा अंदाज करून थोडी रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी बांधावी. परभणीचा उन्हाळा कडक. पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वृद्धांना घेऊन असा प्रवास करू नये. हिवाळ्यात दिवस सुखाचे असले, तरी पहाटे थंडी बोचते. म्हणून लोकरीचे कपडे व आजीची औषधे हाताशी ठेवावीत. नदीच्या पात्रात खोलवर कोणीही उतरू नये. वरच्या बाजूस धरणे व बंधारे आहेत. पाणी सोडल्यास पातळी अकस्मात वाढू शकते.

शेवटी आईने सांगितले, "आता कामांची यादी करा." मुलगी लिहू लागली. धपाटे व दशम्या करणे, शेंगदाण्याची चटणी कुटणे, पाणी भरून घेणे, पाच जणांचे कपडे भरणे, आजीचे अंथरूण बांधणे, शेजाऱ्यांकडे किल्ली देणे, परत आल्यावर डबे घासणे, कपडे धुणे, रात्रीचा स्वयंपाक करणे. नऊ कामे झाली. मग प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहावयाचे होते. मुलीने नेहमीच्या सवयीने नावे लिहिली आणि यादी मोठ्याने वाचली. किल्ली देण्याचे काम वडिलांचे. उरलेल्या आठही कामांपुढे एकच शब्द होता : आई.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आजी म्हणाली, "जनाबाई दळावयास बसल्या म्हणजे प्रत्यक्ष पांडुरंग येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावी, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या जनाबाईंच्या गावी आपण निघालो. आणि आपल्या घरच्या जात्याला कोणी हात लावावयाचा?"

वडिलांनी यादी हातात घेतली आणि नावे नव्याने लिहिली. चटणी कुटणे व रात्रीचा पिठले-भात वडिलांकडे आला. पाणी भरणे व डबे घासणे धाकट्याकडे गेले. कपडे भरणे मुलीने घेतले. आपले अंथरूण आपणच बांधीन, असा आजीने हट्ट धरला. धपाटे व दशम्या आईने कराव्यात, पीठ मात्र मुलीने मळून द्यावे असे ठरले. कपडे धुण्याचे काम तर सर्वांनी वाटून घेतले. आई काही बोलली नाही. परंतु पुष्कळ दिवसांनी ती संध्याकाळी अंगणात स्वस्थ बसलेली मुलांनी पाहिली. सहल निघावयास अजून दोन दिवस होते, पण विसावा मात्र घरात आधीच आला होता.

मुलांनो, सहलीसाठी दूरचे गाव किंवा मोठा खर्च लागतोच असे नाही. जवळचे एखादे लहान गाव, मोजका बेत आणि थोडा मोकळा वेळ एवढे पुरे. मात्र घरातील एकाच्या श्रमावर इतरांनी मिळविलेली विश्रांती ही खरी विश्रांती नव्हे. श्रम वाटून घेतले, तरच विसावा सर्वांच्या वाट्याला येतो.

स्वाध्याय

शब्दार्थ : बारव – पायऱ्या असलेली मोठी विहीर. दशमी – दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी. कांडणे – उखळात घालून मुसळाने कुटणे. दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ. वाट वाकडी करणे – ठरलेला मार्ग सोडून दुसरीकडे जाणे.

१. मुलांची पहिली यादी विसाव्याच्या सहलीस योग्य का नव्हती?
२. गंगाखेड हे नाव कसे पडले असे पाठात सांगितले आहे?
३. "ही कोरी जागा कोरीच राहू दे" असे वडील का म्हणाले?
४. आजीने जनाबाईंची आठवण कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी करून दिली?
५. तुमच्या घरातील एका दिवसाच्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. ती यादी घरी वाचून दाखवा आणि काय ठरले ते पाच-सहा वाक्यांत लिहा.