विखुरलेल्या लाटांची साक्ष

मुक्ता : सर, उत्तम भिंगं वापरली तर साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू का दिसू नये?

सर : अडचण भिंगाची नाही, प्रकाशाची आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. अणू अर्ध्या नॅनोमीटरचाही नसतो. इतक्या लहान वस्तूवरून लाट विखुरते खरी, पण वस्तूच्या घडणीचा तपशील त्या विखुरण्यात उमटत नाही. हवेचे रेणू तांबड्यापेक्षा निळा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं. त्यावरून रेणूंचं अस्तित्व कळतं, त्यांची रचना नाही. त्यासाठी लाट वस्तूइतकी आखूड हवी.

मुक्ता : म्हणून इलेक्ट्रॉन वापरतात? पण तो तर कण!

सर : कणालाही तरंगलांबी असते आणि संवेग वाढेल तशी ती घटते, असं द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडलं. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि गर्मर यांनी ५४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सोडले, तेव्हा ५० अंशांच्या कोनात त्यांची संख्या एकदम वाढलेली आढळली. नुसते कण उसळले असते, तर त्या एका कोनाचं एवढं माहात्म्य नसतं. अणूंच्या ओळींवरून परतलेल्या लाटा त्या दिशेला एकमेकींना बळ देत होत्या.

मुक्ता : तरी हा तर्कच झाला. प्रत्यक्ष पाहिलं कुठे?

सर : डोळाही वस्तूवरून विखुरलेला प्रकाशच टिपतो. तिथे भिंग प्रतिमा जुळवतं, इथे गणित. शिवाय हा तर्क फसू शकतो, हीच त्याची ताकद. प्रोटॉन बिंदूसारखा असता, तर त्यावर सोडलेले इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात ठरावीक संख्येने यायला हवे होते. १९५० च्या दशकात हॉफस्टॅटर यांना ते कमी आढळले, म्हणजे प्रोटॉनला आकार आहे. पुढच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब त्वरकातून सुमारे २० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले. त्यांची तरंगलांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी होती. या वेळी प्रोटॉन फोडून मोठ्या कोनात जाणारे इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. आत बिंदूसारखं काहीतरी होतं. तेच क्वार्क.

मुक्ता : पण दोन निराळ्या रचना सारखीच नक्षी देणार नाहीत कशावरून?

सर : देऊ शकतात. म्हणून एका मोजणीवर कुणी विसंबत नाही. कोन, ऊर्जा आणि लाटही बदलून पाहतात. क्ष-किरण अणूतल्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यामुळे एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन त्यांना अंधूक दिसतो. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतात आणि हायड्रोजन सहज हेरतात. मुंबईत तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत असे प्रयोग चालत आले आहेत. दोन्ही साक्षींना पटेल अशा रचना फार थोड्या उरतात.