गाडीचा ॲम्प्लिफायर: ट्रान्झिस्टर वाढवून काय मिळते?

गाडीचा ॲम्प्लिफायर दुकानात आणून ठेवायचा आणि "यात आणखी एक जोडी टाका, आवाज डबल करून द्या" असे सांगायचे, ही गिऱ्हाइकाची जुनी रीत आहे. हातात आलेले काम परत कशाला पाठवा, म्हणून कारागीरही जोडी टाकून देतो. आमचा धंदा कापडाचा. पण मालाच्या टेम्पोतला ॲम्प्लिफायर आम्ही असाच वाढवून घेतला होता. पंधरा दिवसांत तो जळाला, सोबत दोन स्पीकर गेले आणि पैसे कोणी द्यायचे यावर कारागिराशी बोलाचाली झाली. त्यानंतर जो हिशेब समजून घेतला, तो कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

ट्रान्झिस्टर स्वतः ताकद पैदा करीत नाही. वॅट दोन गोष्टींवर ठरतात: आतला सप्लाय किती व्होल्टचा आणि स्पीकर किती ओहमचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला, ब्रिज जोडणी केली तरी, अठरा-वीस वॅटच मिळतात. म्हणून मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये मोसफेट आणि गोल ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय असतो. तो १४ व्होल्टचे, समजा, अधिक-उणे ३० करतो. त्यातले २८ स्पीकरपर्यंत पोचले, तर २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, त्याला ओहमच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागा, ९८ वॅट. या गणितात ट्रान्झिस्टर किती, हा आकडा कुठेच येत नाही. एका मागावर दोन माणसे उभी केली म्हणून कापड दुप्पट निघत नाही.

मग जोडी वाढवावी कशासाठी? करंट आणि उष्णता वाटून घेण्यासाठी. वरच्याच उदाहरणात ४ ओहमवर करंट जास्तीत जास्त ७ अँपिअर जातो, २ ओहमवर १४. बाजारात चालणारी सी-५२०० आणि ए-१९४३ ही जोडी कागदावर १५ अँपिअरची. म्हणजे एकच जोडी २ ओहमवर काठावर चालते. दोन जोड्या असल्या तर प्रत्येकीला ७ येतात. तेव्हा २ ओहमवर १९६ वॅट मिळू शकतात, पण सप्लाय टिकला तरच. दोन चॅनलचे मिळून ३९२ वॅट पूर्ण जोराने काढायचे तर बॅटरीतून जवळपास दुप्पट ताकद ओढली जाते, म्हणजे ५५ अँपिअरच्या आसपास. मोसफेट, ट्रान्सफॉर्मरची तार, बॅटरीची केबल, सगळे त्या मापाचे हवे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून नुसता मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे.

आमच्या टेम्पोत चूक झाली ती वेगळीच. नवे ट्रान्झिस्टर जुन्यांना सरळ समांतर जोडले होते, एमिटरला रेझिस्टन्स न लावता. ट्रान्झिस्टर गरम झाला की तो जास्त करंट ओढतो, त्याने आणखी गरम होतो. जो आधी तापला त्याने शेजाऱ्याचाही भार घेतला आणि आतून शॉर्ट झाला. मग सप्लायचा डीसी थेट स्पीकरमध्ये गेला. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला स्वतंत्र ०.२२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स असता तर भार बराचसा सारखा राहिला असता. चार पैशांची वस्तू.

नवे-जुने मिसळू नयेत. एकाच नंबरचे, शक्यतो एकाच लॉटचे, गेन मोजून सारखे निघालेले घ्यावेत. नकली माल भरपूर आहे. छाप हुबेहूब, पण आतली चिप लहान. थानावरचा छाप बघून आम्ही कापड घेत नाही, हाताने चोळून बघतो. इथे लॉटमधला एक फोडून बघावा. सगळे एकाच हीट सिंकवर, मायका आणि पेस्ट लावून बसवावेत, आणि कलेक्टर पत्र्याला लागत नाही ना, हे मीटरने पाहावे.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नये. बॅटरीच्या वायरमध्ये हेडलाइटचा बल्ब घालावा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर बंद करून शॉर्ट शोधावा. मग बल्ब काढून प्रत्येक ०.२२ ओहमवर मीटर लावावे. इनपुट बंद असताना ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. बायस किती ठेवायचा हे त्या त्या सर्किटवर आहे, पण जोडीदारांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. गरम झाल्यावर पुन्हा पाहावे. आकडा चढतच राहिला तर प्रीसेट मागे घ्यावा.

आता ॲडव्हान्स घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट. ९८ चे १९६ वॅट झाले तरी फरक फक्त ३ डेसिबलचा. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तोच ३ डेसिबलचा फरक ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर बसवून, ॲम्प्लिफायरला हात न लावता मिळतो. आमच्या टेम्पोत शेवटी तेच केले.