वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

‘भट्टीजवळ डोळ्यांत तेल घालून काम करा.’ ही सूचना मराठी मातृभाषा असलेल्या कामगाराला दिली, तर तो मान डोलावून कामाला लागेल. तेलाची बाटली शोधणार नाही. परंतु ज्याने मराठी नुकतीच शिकावयास घेतली आहे, त्याची स्थिती वेगळी असते. ‘डोळे’ त्याला ठाऊक आहे, ‘तेल’ ठाऊक आहे, ‘घालणे’ही ठाऊक आहे. शब्द सारे ओळखीचे आणि वाक्य मात्र अनोळखी! त्याने शब्दांवर विसंबून कृती केली, तर डोळ्यांस इजा होईल, आणि ‘अतिशय सावध राहा’ हा सूचनेचा मूळ हेतू बाजूलाच राहील.

छत्तीसगढमधील भिलाईसारख्या गावी ही अडचण केवळ पुस्तकी नाही. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली आणि शेजारी शेजारी राहू लागली. एका घरात छत्तीसगढी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात मराठी, आणि अंगणात सर्वांची हिंदी. अशा वस्तीत एका भाषेतील वाक्प्रचार दुसऱ्या भाषेच्या माणसाच्या कानी रोजच पडतो.

शब्द उच्चारताच जो सरळ, रूढ अर्थ मनात येतो, त्यास वाच्यार्थ म्हणतात. तो अर्थ देणारी शब्दाची शक्ती म्हणजे अभिधा. ‘भट्टीतून लोखंड बाहेर आले’ या वाक्यात भट्टी म्हणजे भट्टी आणि लोखंड म्हणजे लोखंडच. आता ‘पहिली पाळी सुटली’ हे वाक्य पाहा. पाळी म्हणजे कामाचे ठरलेले तास. तास कोठे बांधलेले नसतात, मग ते सुटणार कसे? सरळ अर्थ येथे अडतो. तेव्हा मन त्या तासांशी संबंध असलेली दुसरी गोष्ट शोधते, ती म्हणजे त्या वेळात काम करणारी माणसे. ती कामावरून मोकळी झाली, हा लक्ष्यार्थ होय. आणि तो देणारी शक्ती म्हणजे लक्षणा.

अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेसाठी आवश्यक गोष्टी सांगितल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध यावा. नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असावा. आणि असे बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. ‘पाळी सुटली’ हे रूढीने म्हटले जाते. ‘तो माणूस पोलाद आहे’ असे म्हणण्यात मात्र प्रयोजन आहे. ‘तो कणखर आहे’ एवढ्याने जे पोचत नाही, ते ‘पोलाद’ या एका शब्दाने पोचते.

परंतु प्रत्येक वेळी सरळ अर्थाला असा उघड बाध येतोच असे नाही. खरी परीक्षा तेथेच असते. ‘या व्यवहारात त्याचे हात पोळले’ यात नुकसान झाल्याचे कळते. नुसते ‘त्याचे हात पोळले’ एवढेच म्हटले तर? बाजारपेठेत त्याचा एक अर्थ होईल आणि भट्टीपाशी दुसरा. झोतभट्टीतून निघणाऱ्या लोखंडाचे तापमान सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सिअस असते. तेथे हात पोळणे हा वाक्प्रचार नव्हे. म्हणून अपघाताची नोंद करताना किंवा भरपाईचा अर्ज लिहिताना ‘उजव्या हाताचा तळवा भाजला’ असेच लिहावे. अर्ज वाचणाऱ्यापुढे प्रसंग नसतो, केवळ कागद असतो.

काही लाक्षणिक शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत होतात की त्यांतील चित्रच पुसले जाते. झोतभट्टीच्या भागांना इंग्रजीत ‘गळा’ आणि ‘पोट’ अशा अर्थाची नावे आहेत. भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाला इंग्रजीत ‘पिग आयर्न’ म्हणतात. पूर्वी वितळलेले लोखंड वाळूतील एका मोठ्या पाटात सोडीत, आणि त्याला जोडलेल्या लहान साच्यांत ते वाहत जाई. ते दृश्य पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीसारखे दिसे, म्हणून हे नाव पडले. कोणी त्याचे ‘डुक्कर लोखंड’ असे भाषांतर केल्यास कारखान्यात हसू होईल.

हिंदी जाणणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. हिंदीत ‘पानी-पानी होना’ म्हणजे लाजेने खाली मान घालणे; मराठीत ‘पाणी पाणी करणे’ म्हणजे तहानेने व्याकूळ होणे. सोंगट्यांच्या खेळातील एकच दान दोन्ही भाषांनी उचलले, पण हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब फळफळणे आणि मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळून जाणे! एकाचे नशीब फळफळले असे समजून पेढे मागावयास जावे, तर तो गावातून नाहीसा झालेला असावयाचा.

वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांपलीकडे व्यंग्यार्थही असतो. त्याचा विचार स्वतंत्र पाठात करणे योग्य.

पाठगत प्रश्न

१. पुढील वाक्यांतील अधोरेखित करण्याजोगा लाक्षणिक शब्दप्रयोग शोधा आणि सरळ अर्थाला बाध कोठे येतो ते लिहा :
(अ) भट्टीत लोखंडाचे पाणी झाले.
(आ) मुलाच्या शिक्षणासाठी आईने रक्ताचे पाणी केले.
(इ) हा रस्ता दुर्गला जातो.

२. ‘त्याच्या डोळ्यांत धूळ गेली’ आणि ‘त्याने डोळ्यांत धूळ फेकली’ यांपैकी कोणत्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात? प्रत्येक अर्थासाठी एक प्रसंग लिहा.

३. तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी लावलेली एक सूचना उतरवून घ्या. मराठी नव्याने शिकणाऱ्यास तिचा चुकीचा अर्थ लागेल काय? लागत असल्यास ती सरळ अर्थाच्या शब्दांत पुन्हा लिहा.