पुन्हा एकदा नीट-पीजी

गेल्या वर्षी आमच्या कन्येस नीट-पीजीत अपेक्षेहून फारच कमी गुण मिळाले. दोन दिवस ती धड जेवली नाही. वजन न वाढणाऱ्या बाळाचा आहार वाढविण्यापूर्वी आम्ही बालरोगतज्ज्ञ आधी पूर्ववृत्त विचारतो. म्हणून ग्रंथ बाजूस ठेवून मी तिच्या सराव-परीक्षा तपासल्या. ज्ञान उणे नव्हते. प्रश्न 200, गुण 800; बरोबर उत्तरास 4, चुकल्यास 1 वजा. चारांपैकी दोन पर्याय निश्चित बाद झाले, तर उत्तर देण्यात सरासरी दीड गुणाचा लाभच आहे. असे प्रश्न ती भीतीपोटी कोरे सोडीत असे. शिवाय 2024 पासून 40 प्रश्नांच्या प्रत्येक विभागास 42 मिनिटे. ती संपली की मागे परतता येत नाही. तिची सवय मात्र अवघड प्रश्न शेवटास राखण्याची! (भोपाळच्या एम्समधील एमडीच्या जागा आयएनआय-सीईटीतून भरतात आणि ती परीक्षा वर्षातून दोनदा होते, हे आप्तेष्टांना सांगता सांगता मी थकलो.) आता ती 42 मिनिटांचा गजर लावून बसते. तेवढा वेळ घरातील फोन मी उचलतो.