अपूर्णांकांचा पाठ आणि त्याची परीक्षा

मराठी घरांतून पूर्वीं मुलांस पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी पाठ करावी लागे. निमकी म्हणजे एक, दोन, तीन अशा संख्यांची निमपट. पावकी म्हणजे त्यांचा चौथा हिस्सा. पाऊणकी म्हणजे त्यांचे तीन चतुर्थांश. सवायकी आणि दिडकी म्हणजे अनुक्रमें सवापट व दीडपट. हें पाठांतर कित्येकांस कंटाळवाणें वाटे, परंतु तें निरुपयोगी मात्र नव्हतें. शाळेबाहेर पाऊल टाकतांच त्याचें काम पडे. रुपयाची अधेली आणि पावली, शेराचा अच्छेर, पावशेर व नवटाक, हीं सर्व नांवें अर्धा, पाव आणि आठवा हिस्सा यांचींच होतीं. मुलाच्या हातांत अपूर्णांक आधीं येई, आणि पाटीवर मागाहून येई.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून क्रमाक्रमानें शेराची जागा किलोग्रॅमनें घेतली. त्यामुळें हिशोब सोपा झाला, यांत शंका नाहीं. परंतु त्याबरोबर अपूर्णांकांचें बाजारांतील घर मोडलें. आज दुकानांतील पुड्यावर २५० ग्रॅम असें छापलेलें असतें; तो किलोचा चौथा हिस्सा आहे हें मुलानें मुद्दाम मनांत आणावें लागतें. म्हणून सहावी ते आठवी या इयत्तांत अपूर्णांक शिकवूं इच्छिणाऱ्या शिक्षकावर दोन कामें येऊन पडतात. हरपलेली वस्तु मुलांच्या हातीं पुन्हां द्यावयाची, हें पहिलें. आणि ती त्यांस खरोखर पोहोंचली कीं नाहीं, याची पारख करावयाची, हें दुसरें. पहिल्या कामास आपण पाठ म्हणतों व दुसऱ्यास परीक्षा म्हणतों. हीं दोन कामें निरनिराळीं समजलीं जातात. तीं एकत्रच केलीं पाहिजेत, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतों. सातवीच्या वर्गास मीं १/२ + १/३ ही बेरीज घातली होती. एका मुलानें उत्तर लिहिलें २/५. अंशांत अंश मिळविला, छेदांत छेद मिळविला. असें उत्तर प्रत्येक वर्षीं चार-दोन मुलें लिहितातच. मीं नेहमींप्रमाणें तांबड्या शाईनें शून्य घातलें. उत्तरपत्रिका परत दिल्यावर तो मुलगा माझ्यापाशीं आला. त्याच्या हातांत आधीच्या चाचणीची उत्तरपत्रिका होती. तींत पहिल्या प्रश्नाला दोनांपैकीं एक गुण, दुसऱ्याला तिहींपैकीं एक गुण, आणि खालीं माझ्याच हस्ताक्षरांत पांचांपैकीं दोन, असा हिशोब होता. तो नम्रपणें म्हणाला, "सर, आपणच अशी बेरीज केली आहे."

मला क्षणभर उत्तर सुचलें नाहीं. त्या मुलानें विचार केला नव्हता असें म्हणण्यास मला जागा राहिली नाहीं. त्यानें विचार केला होता, आणि तो माझ्याच लेखणीवरून शिकला होता. दोहोंपैकीं एक व तिहींपैकीं एक हे गुण मिळवितांना प्रत्येक प्रश्नाचें पूर्ण निराळें असतें, आणि शेवटीं दोन्ही पूर्णें मिळून पांचांचें नवें पूर्ण होतें. अपूर्णांकांच्या बेरजेंत मात्र दोन्ही हिस्से एकाच पूर्णाचे असतात. हा भेद मीं वर्गांत कधींच सांगितला नव्हता. त्या शून्यांत माझाहि वाटा होता.

बरोबर उत्तरें देणाऱ्या मुलांची स्थिति तरी निःशंक असते काय? अमेरिकेंत १९७३ सालीं स्टॅन्ले एर्लवँगर या अभ्यासकानें एका बारा वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलास त्यानें बेनी असें नांव दिलें आहे. बेनीच्या शाळेंत गणित पुस्तिकांवरून ज्यानें त्यानें आपल्या गतीनें शिकावयाचें असे. चाचणींतील उत्तरें छापील उत्तरांशीं ताडून पाहात, आणि शेंकडा ८० उत्तरें जुळलीं कीं पुढील पुस्तिका मिळे. बेनी चाचण्यांमागून चाचण्या उतरत होता आणि हुशार गणला जात होता. परंतु एर्लवँगर यांनीं त्याच्याशीं बोलून पाहिलें तेव्हां निराळेंच दिसलें. ५/१० याचें दशांश रूप तो १.५ असें सांगे, कारण पांच आणि दहा मिळून पंधरा होतात. ११/४ आणि ४/११ या दोहोंचें रूपहि त्याच्या मतें १.५ च होतें. ४०० छेद ४०० म्हणजे त्याच्या लेखीं ८.०० झाले. गणित म्हणजे कोणीं तरी पूर्वीं ठरवून ठेवलेल्या पुष्कळ नियमांचा खेळ, अशी त्याची समजूत झाली होती. पाठाचीं साधनें होतीं, परीक्षाहि वरचेवर होत होती. परंतु ती परीक्षा उत्तर जुळतें कीं नाहीं एवढेंच पाही. मुलगा काय समजला, हें तिनें कधीं विचारलेंच नाहीं.

त्याच देशांत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणींत तेरा वर्षांच्या मुलांस एक प्रश्न घातला होता. १२/१३ + ७/८ यांच्या बेरजेचा नुसता अंदाज करावयाचा होता आणि १, २, १९ व २१ यांतून एक उत्तर निवडावयाचें होतें. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत. म्हणून बेरीज सुमारें दोन, हें कागद-पेन्सिलीशिवाय दिसावें. परंतु शेंकडा २४ मुलांनींच २ हें उत्तर निवडलें. शेंकडा २८ मुलांनीं १९ म्हटलें, आणि शेंकडा २७ मुलांनीं २१ म्हटलें. १९ ही अंशांची बेरीज आहे व २१ ही छेदांची. प्रश्न करणाराची कुशलता येथें पाहावी. त्यानें चुकीचीं उत्तरें मनास येतील तीं घातलीं नाहींत. प्रत्येक चुकीच्या वाटेच्या शेवटीं एक खूण रोवून ठेविली. मूल कोठें पोहोंचलें यावरून तें कोणत्या वाटेनें गेलें हें कळतें.

आतां पाठाचें साधन कसें करावें तें पाहूं. त्यास खर्च लागत नाहीं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची किंवा कागदाची २४ सेंटिमीटर लांबीची पट्टी कापावी. ही आपली पूर्ण पट्टी. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्ट्या कापून त्यांचे समान दोन, तीन, चार, सहा, आठ व बारा भाग करावे. अर्धा १२ सेंटिमीटरांचा, तिसरा हिस्सा ८ चा, पाव ६ चा, सहावा हिस्सा ४ चा, आठवा ३ चा व बारावा २ चा होतो. २४ ही संख्या मुद्दाम घेतली आहे. तिला इतक्या संख्यांनीं निःशेष भाग जातो म्हणूनच ती सोयीची. प्रत्येक तुकड्यावर त्याचें नांव लिहावें, त्याची लांबी मात्र लिहूं नये. नाहीं तर मुलें हिस्सा विसरून सेंटिमीटरच मोजूं लागतात.

आतां अर्ध्याच्या तुकड्यापुढें तिसऱ्या हिश्श्याचा तुकडा ठेवावा. दोन्ही मिळून पूर्ण पट्टींतून थोडीशी जागा उरते, आणि ती सहाव्या हिश्श्याच्या तुकड्यानें बरोबर भरते. म्हणजे बेरीज ५/६ झाली. यानंतर २/५ म्हणणाऱ्या मुलास चूक असें न म्हणतां विचारावें, "२/५ हे अर्ध्याहून मोठे कीं लहान?" पांचांचें अर्धें अडीच; तेव्हां दोन हे अर्ध्याहून कमीच. अर्ध्यांत आणखी कांहीं घातलें आणि तें अर्ध्याहून कमी झालें, हें कसें? या ठिकाणीं मूल स्वतःच थांबतें. शिक्षकाच्या तांबड्या रेघेनें जें होत नाहीं, तें या एका प्रश्नानें होतें. कारण आतां त्याचें उत्तर त्याच्याच बुद्धीला पटेनासें होतें.

पाठ असा तयार झाल्यावर त्याची परीक्षा कशी तयार करावी? माझ्या अनुभवास आलेल्या चार गोष्टी येथें देतों.

(१) चुकीच्या वाटेनें बरोबर उत्तर येऊं नये. ०.३५ व ०.२ यांत मोठा कोणता, असें विचारल्यास "पस्तीस हे दोनांहून मोठे" असें समजणारा मुलगाहि बरोबर उत्तर देतो. त्याची गैरसमजूत झाकली जाते. त्याऐवजीं ०.३५ व ०.४ विचारावे, म्हणजे ती उघडी पडते. कांहीं मुलांची समजूत याच्या उलट असते. अंक जितके अधिक तितका अपूर्णांक लहान, असें त्यांस वाटतें. त्यांच्यासाठीं ०.६२ व ०.५ ही जोडी द्यावी. या दोन जोड्या एकत्र दिल्या तर यांपैकीं कोणतीहि एक चुकीची समजूत धरून चालणारें मूल दोन्ही प्रश्न सोडवूं शकत नाहीं.

(२) कृति करण्यापूर्वीं अंदाज विचारावा. "७/८ + ५/६ ही बेरीज १ हून मोठी कीं लहान? २ हून मोठी कीं लहान? कां?" येथें छेद समान करण्याची आवश्यकता नाहीं. ज्यास अपूर्णांकाचें आकारमान कळलें आहे, तोच उत्तर देईल.

(३) सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी शेजारीं ठेवाव्या. "एका भाकरीचा अर्धा भाग सकाळीं व त्याच भाकरीचा तिसरा हिस्सा दुपारीं खाल्ला, भाकरीचा किती भाग खाल्ला? एका मुलीस पहिल्या प्रश्नांत दोनांपैकीं एक व दुसऱ्यांत तिहींपैकीं एक गुण मिळाला. एकंदर गुणांपैकीं किती मिळाले? दोन्ही उत्तरें एकच कां नाहींत, तें दोन वाक्यांत लिहा." हा प्रश्न मला त्या मुलानें दिला, असेंच मी समजतों. पहिल्याचें उत्तर ५/६ व दुसऱ्याचें २/५. परंतु खरी किंमत शेवटच्या दोन वाक्यांची आहे.

(४) कोणती कृति करावी हें मुलावर सोंपवावें. "पाऊण किलो साखरेच्या अर्धपावाच्या, म्हणजे किलोच्या आठव्या हिश्श्याच्या, किती पुड्या होतील?" कित्येक मुलें येथें गुणाकार करून ३/३२ असें उत्तर आणतात, आणि एकहि पुडी पुरी झाली नाहीं याचें त्यांस नवल वाटत नाहीं. भागाकारानें संख्या लहानच होते, या समजुतीमुळें तीं भागाकाराकडे वळत नाहींत. अशा मुलानें पट्टी घ्यावी, पाऊण पट्टीवर आठव्या हिश्श्याचा तुकडा पुनःपुनः ठेवावा. तो सहा वेळां बसतो. उत्तर सहा पुड्या. पाऊणाहून सहा मोठे आहेत, आणि तरीहि हा भागाकारच आहे.

या चारहि प्रकारांत पाठ आणि परीक्षा एकमेकांच्या हातांत हात घालून चालतात. प्रश्नानें दाखविलेली चूक दुसऱ्या दिवशींच्या पाठाचा विषय होते, आणि पाठांत वापरलेली पट्टीच प्रश्न सुचविते. म्हणून मी आतां उत्तरपत्रिका तपासतांना गुणांच्या तक्त्याशेजारीं दुसरी एक वही ठेवितों. तींत विद्यार्थ्यांचीं नांवें नसतात. चुकांचीं नांवें असतात. अंशांत अंश व छेदांत छेद मिळविणारीं किती, लांब दशांश मोठा समजणारीं किती, अंदाज न करतां कृतींत शिरणारीं किती, एवढेंच तींत टिपतों. तास संपण्यापूर्वीं पांच मिनिटें कागदाच्या चिटोऱ्यावर दोनच प्रश्न सोडवून घेतले तरी ही टिपणी होऊं शकते, आणि त्यास गुण देण्याचेंहि कारण नाहीं.

असे प्रश्न तयार करण्यास वेळ लागतो, व तपासण्यास त्याहून अधिक लागतो, हें खरें आहे. साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येकाचीं दोन वाक्यें वाचणें हें सोपें काम नव्हे. म्हणून सगळीच प्रश्नपत्रिका अशी करावी असें मी म्हणत नाहीं. आंकडेमोडीचा सरावहि पाहिजे. पाढे आले नाहींत तर समजूत असूनहि हात अडखळतो. परंतु दहा प्रश्नांत दोन प्रश्न तरी असे असावे, कीं ज्यांच्या चुकीच्या उत्तरापासून शिक्षकास कांहीं शिकतां येईल.

शेवटीं आपणांस, विद्यार्थिमित्रहो, एक विनंति आहे. उत्तर चुकलें असें वाटतांच तें खोडून टाकण्याची घाई करूं नका. त्यावर एक साधी रेघ मारा व शेजारीं पुन्हां सोडवा. आपण कसा विचार केला होता, तें शिक्षकांस दिसूं द्या. आणि उत्तर कां चुकलें हें समजलें नाहीं, तर उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्याकडे जा. त्या मुलानें तसें केलें नसतें, तर मी आजहि २/५ वर शून्य घालून पुढच्या वहीकडे वळलों असतों. वर्षाच्या अखेरीस त्याच मुलानें भाकरीचा व गुणांचा प्रश्न सोडविला, आणि खालीं लिहिलें कीं भाकरी एकच आहे, प्रश्न मात्र दोन आहेत. त्या वाक्यास मीं पुरे गुण दिले.